पाच धांडे, असंख्य माहेरवाशिणी

मावा मला बारावीपासून माहीत आहे. म्हणजे दोन मार्कांपुरता माहीत आहे. 'टीप लिहा : मावा (पिकावरील कीड)' या प्रश्नाला मी दोनपैकी दोन मार्क मिळवले होते. पुढे बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं, फर्स्ट क्लास आला, ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून सासरी आणलं आणि सध्या ते धाकटीच्या दुपट्यांच्या कप्प्यात तळाला अंथरलेलं आहे, कारण तिथे ओल येते. सांगायचा मुद्दा असा, की इतकं शिकलेल्या बाईच्या स्वतःच्या गॅलरीत मावा आला तेव्हा तिनं तो धूळ समजून फडक्यानं पुसला.

गॅलरीत जवारी होती. अमरावतीत, बडनेरा रोडवर, त्रिवेणी अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावर, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये जवारीची पाच झाडं. यावर लोक 'काहून?' असं विचारतात. उत्तर एका शब्दाचं आहे : भुलाबाई.

आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेनंतर भुलाबाई महिनाभर माहेरी येते. पोरी रोज संध्याकाळी एकीच्या घरी जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. प्रत्येकीनं झाकलेला डबा आणायचा, बाकीच्यांनी तो कानाशी धरून वाजवायचा आणि आत काय ते सांगायचं. महिनाभर असं खाऊनपिऊन झालं की कोजागिरीला जवारीचे पाच धांडे, म्हणजे अख्खी ताटं, कणसासकट उभे करून भुलाबाईला मखर करायचं. मागच्या वर्षी मी बाजारातून धांडे आणले, तर ते वाळलेले, बिनकणसाचे, एक तर मधोमध मोडलेला. दामिनी, माझी थोरली, वय वर्षं पाच, म्हणाली, "आजीच्या शेतातले काहून नाही आणले?"

आजीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, बार्शीटाकळीच्या शेतात आता कपाशी आणि सोयाबीन. "जवारी कोन पेरते आता? पाखरं राखाले मानूस नाही," असं सासूबाई, वच्छलाबाई, यंदा पेरणीच्या वेळी फोनवर म्हणाल्या. त्यावर मी म्हणाले, "मग आपण गॅलरीत लावू. त्यात काय!"

'त्यात काय' हे दोन शब्द माझ्या संसारात फार महाग पडलेले आहेत. पण फोनच्या त्या टोकाला सासूबाई जे हसल्या, त्या हसण्यानं मी पेटले. दामिनीनं दुसऱ्याच दिवशी बिल्डिंगभर सांगून टाकलं, की यंदा सगळ्यांच्या भुलाबाईचं मखर आमच्या जवारीचं. नऊ पोरी. नऊ पोरींना दिलेला शब्द म्हणजे विधानसभेत दिलेल्या आश्वासनासारखा नसतो, तो रोज विचारला जातो.

जवारी मात्र गुणाची. धाकटी रश्मी आठ महिन्यांची, ती झोपली की मी पाणी घालायची, आणि ती उठायच्या आत जवारी दोन बोटं वाढलेली असायची. धांडे माझ्या डोक्याच्या वर गेले. चारांना कणसं आली, पाचवा जरा लाजरा होता. माझे पती अमोल रोज बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला नोकरीला जातात. तेसुद्धा सकाळी निघताना ड्रमापाशी अर्धा मिनिट थांबू लागले. सोयरिकीला आलेल्या माणसासारखे, हात मागे बांधून.

आणि मग आभाळ आलं. चार दिवस ऊन नाही, पाऊस नाही. पानांच्या खालच्या अंगाला पिवळट धूळ दिसली, ती मी पुसली. दुसऱ्या दिवशी धूळ पुन्हा. तिसऱ्या दिवशी धूळ चालताना दिसली.

पान चिकट लागत होतं. मुंग्यांची रांग तर अशी शिस्तीत, की ती पाहून मला आमच्या नळाच्या रांगेची लाज वाटली.

बिल्डिंगमध्ये माझी जवारी आजारी पडल्याची बातमी माझ्याआधी पोचली. तळमजल्याच्या शकुन काकू राख घेऊन आल्या. "उडव वं पोरी वरतून. नजर बी उतरते अन् किडा बी." मी उडवली. राख पानावर कमी आणि दोरीवरच्या लंगोटांवर जास्त बसली. समोरच्या गीतांजली वहिनींनी आंबट ताक आणि हिंग सांगितलं. त्या दिवशी आमच्या गॅलरीला लग्नातल्या मठ्ठ्याचा वास होता आणि किडे, माझी शपथ, आणखी गुबगुबीत दिसत होते.

तिसऱ्या प्रयोगाला मी शास्त्राकडे वळले. एका शेतकरी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा आवाजावरून सालस वाटला.

"ताई, गाव? गट नंबर?"

"गट नंबर नाही. फ्लॅट नंबर आहे. एकशे दोन."

"बरं. क्षेत्र किती?"

"एक ड्रम."

"फवारणीचा ड्रम नाही ताई, पेरणीचं क्षेत्र."

"पेरणीचाच आहे."

मग त्यानं फार अदबीनं सांगितलं, की सल्ला नोंदवायचा तर आधी एका ॲपवर पिकात उभं राहून फोटो टाका. मी रश्मीला काखेत घेऊन ड्रमाला टेकून उभी राहिले. ॲप बराच वेळ फिरलं आणि म्हणालं, 'आपण शेताच्या हद्दीबाहेर आहात.' आयुष्यात मला इतकं खरं कोणी बोललेलं नाही.

मग मी बाजारातल्या कृषी केंद्रात गेले.

"किती एकर?" दुकानदारानं विचारलं.

"पाच झाडं."

"पाच एकरले दोन बाटल्या लागतीन."

"एकर नाही हो दादा, झाडं. पाच. एक, दोन, तीन, चार, पाच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर झोपलेल्या रश्मीकडे पाहिलं आणि फळीवरून काढलेली बाटली गुपचूप जागेवर ठेवली. "लेकराच्या घरात हे नेऊ नका ताई. साबनाच्या पान्यानं धुवा. कमी होते." पैसे मिळत असताना न घेणारा दुकानदार मी प्रथमच पाहिला. मी त्याच्याकडून उगाच कोथिंबिरीचं बी घेतलं.

इथवर प्रकरण माझं आणि जवारीचं होतं. आता त्यात शेषराव काका आले.

शेषराव काका आमच्या बरोबर वर, दोनशे दोनमध्ये राहतात. रेल्वेत होते, आता सोसायटीचे अध्यक्ष आहेत आणि गाडी अजून वेळेवर सोडतात. त्यांची पांढरी कार आमच्या गॅलरीखाली उभी असते. तिला ते रोज सकाळी स्वतः पुसतात, तिच्याशी बोलतात असंही शकुन काकूंचं म्हणणं. त्या कारच्या टपावर बारीक बारीक चिकट थेंब पडू लागले. काकांनी एक थेंब बोटावर घेतला, हुंगला, आणि कर्तव्यबुद्धीनं चाखला.

"प्रणाली," ते दारात उभे राहून म्हणाले, "तुमच्या गॅलरीतून पाक पडून राहिला."

"काका, दिवाळीपासून आमच्याकडे पाक झालाच नाही."

"गोड आहे. मी स्वतः पाहिलं."

संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला : 'फ्लॅट क्र. १०२ च्या गॅलरीतून अज्ञात गोड द्रवाची गळती होत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सदर निळा ड्रम आठ दिवसांचे आत हटविण्यात यावा.' कोजागिरीला बारा दिवस होते. दामिनीला अजून वाचता येत नाही, पण रागिणीला, म्हणजे काकांच्याच नातीला, येतं. तिनं जिन्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. दामिनी वर आली, ड्रमाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रश्मीला पाजताना मी मोबाईलवर माव्याबद्दल वाचत बसले. बारावीत दोन मार्कांत बसवलेली गोष्ट केवढी निघाली! या सगळ्या बायकाच. हंगामभर नवऱ्याचं कामच नाही. अंडी घालत नाहीत, सरळ लेकीच होतात, आणि ती लेक जन्मते तेव्हाच तिच्या पोटात तिची लेक वाढत असते. आठवड्याभरात लेक आई होते. बाळंतपणाला कोणी जात नाही, डिंकाचे लाडू कोणी देत नाही. सुईसारखी सोंड पानाच्या शिरेत रुतवली की रस आपल्या दाबानं आपोआप येतो, ओढावाही लागत नाही. रसात साखर पुष्कळ आणि सत्त्व कमी, म्हणून सत्त्वासाठी खूप प्यावं लागतं आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबानं सोडून द्यावी लागते. काकांनी चाखला तो पाक हा. (हे काकांना मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.) मुंग्या याच थेंबासाठी त्यांना मिशांनी गोंजारतात आणि बदल्यात राखण करतात. पानावर गर्दी झाली, की पुढच्या लेकींना पंख फुटतात आणि त्या दुसरं घर शोधायला निघतात.

मला राग यायला हवा होता. पण रश्मी एका हातानं माझी साडी घट्ट धरून, डोळे मिटून, घोट घोट पीत होती. थोरली पायाला टेकून झोपली होती. माझं स्वतःचं ताट ओट्यावर झाकलेलं, सकाळपासून तसंच. मी गॅलरीतल्या त्या धांड्याकडे पाहिलं. तोही माझ्याकडे पाहत होता.

तरी शब्द तो शब्द. रोज दुपारी साबणाचं पाणी आणि धाकटीचा मऊ ब्रश घेऊन मी पानं धुऊ लागले. मावा थोडा कमी झाला. आणि तेव्हाच मला खरा शत्रू दिसला. माव्याच्या मधोमध काळी, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, इवल्याशा मगरीसारखी एक भयंकर अळी! मग दुसरी. मग पुष्कळ. माझ्या जवारीचा सत्यानाश करणारी ती हीच, याबद्दल बी.एस्सी. फर्स्ट क्लासला तिळमात्र शंका उरली नाही. मी चिमट्यानं एक एक उचलून साबणाच्या पाण्यात टाकली. सतरा. अगदी बारक्या होत्या त्या तेवढ्या निसटल्या. मग वाटीचा फोटो काढून मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला : 'आजची शिकार!'

दोन मिनिटांत सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

"काय वं हे? काहून मारले?"

"आई, जवारी खात होते."

"जवारी नाही खात वं बाई ते! ते ढालकिड्याची पिल्लं होय. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्याचा नाही का रायत, गोल गोल? त्याची. ते मावा खातेत. चोर घरात ठेवले अन् शिपाई मारून टाकले तू!"

मागून सासऱ्यांचा, खुशालरावांचा, आवाज आला, "अवं, शिकेल हाये ते. तिले काहून सांगून राहिली?" हे त्यांनी माझ्या बाजूनं म्हटलं होतं. त्यानं जास्तच लागलं.

मी वाटीकडे पाहिलं. आमच्याच बाजूनं लढायला आलेली कोणाची तरी सतरा लेकरं. मी रडले. आठ महिन्यांच्या बाळाची आई कशालाही रडते, हे खरं. पण त्या दिवशी कारणही होतं.

सासूबाई नुसतं म्हणाल्या, "पोरीले सांग, उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्या आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्याच्या झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं. सकाळभर बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, वेलांवरून आणि कपाशीच्या धुऱ्या-बांधावरून वेचलेले चाळीस ढालकिडे, दोन पानं आणि मूठभर माव्याची शिदोरी. "बसमध्ये मांडीवर धरून आणले," म्हणाल्या. डबा ओट्यावर ठेवून त्या पाय धुवायला गेल्या.

आता आमच्या घरातले सगळे डबे त्यांनीच दिलेले. सगळ्यांवर एकच नाव कोरलेलं : खु. वच्छला. त्यांतल्याच एकात मी दामिनीची खिरापत भरून ओट्यावर ठेवली होती, फुटाणे आणि गूळ. त्या दिवशी भुलाबाई होती शेषराव काकांच्या घरी. दामिनीनं ओट्यावरचा डबा उचलला आणि पळाली. मी रश्मीला काखेत घेऊन मागून वर गेले, जरा खाली मान घालून, कारण नोटिशीचे आठपैकी पाच दिवस संपले होते.

गाणी झाली. काका सोफ्यावर बातम्या पाहत होते. खिरापतीत रागिणीचं खोबरं ओळखलं गेलं, दुसरीच्या बुंदीचा तर वासच आला. मग दामिनीचा डबा फिरला. पोरींनी कानाशी लावला.

"सळसळ वाजते. मुरमुरे!"

"नाही!"

"झाकणाले भोकं आहेत, म्हणजे वाफ जाते. काहीतरी गरम होय. ढोकळा!"

"नाही, नाही!"

"तीळ? राजगिरा?"

भोकं ऐकल्यावर मी रश्मीसकट उठून उभी राहिले. "दामिनी, थांब!" मी ओरडले, पण पोरी त्याच क्षणी एका सुरात म्हणाल्या, "हरलो!" आणि दामिनीनं विजयानं झाकण काढलं.

चाळीस ढालकिडे. पाठीच्या लाल ढाली उघडून ते एकदम उडाले. पोरी किंचाळल्या. एक बुंदीत पडला, दोन टीव्हीवरच्या बातमीदाराच्या नाकावर बसले, आणि एक, नेमका एक, शेषराव काकांच्या टकलावर उतरून सावकाश चालू लागला. काका पुतळ्यासारखे बसले. "चावते काय हे?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढे तीनच गोष्टी आल्या : माझी जवारी, दामिनीचा चेहरा आणि वर गरगर फिरणारा पंखा.

"पंखा बंद करा!" दारातून सासूबाईंचा आवाज आला. ओट्यावर उरलेल्या डब्यात फुटाणे पाहून त्या अनवाणीच धावत आल्या होत्या. "कोनी पाय उचलू नका! आहे तिथीच उभ्या राहा पोरीहो. शेषरावभाऊ, हलू नका, तुमच्या डोक्यावर आमचा मानूस हाये!"

अध्यक्षांना त्यांच्याच घरात असा हुकूम मिळाला आणि त्यांनी तो पाळला. पंखा थांबला. मग नऊ पोरींनी वाट्या, झाकणं, तळहात घेऊन एक एक ढालकिडा वेचायला सुरुवात केली. पोरी ठिपके मोजत होत्या. काकांनी स्वतःच्या डोक्यावरचा, सासूबाईंच्या सूचनेप्रमाणे, पोस्टकार्डावर चढवून स्वतः डब्यात सोडला आणि घाम पुसला. एकतीस सापडले. नऊ नाहीत.

दामिनी रडवेली झाली. "आजी, आपले नऊ गेले."

"जातीन कुठी? भूक लागली असन त्याइले," म्हणत सासूबाई उजेडाच्या दिशेनं काकांच्या गॅलरीत गेल्या. तिथे काकांची जास्वंद होती, कठड्याबाहेर झुकलेली, फुलांनी भरलेली. कोवळ्या फांद्यांवर आमचे नऊच्या नऊ ओळीत बसून जेवत होते. सासूबाईंनी एक शेंडा अलगद वाकवला. काळपट हिरव्या माव्यानं तो बोटाएवढा जाड झाला होता. पानं चकाकत होती. पानाच्या टोकावरून एक थेंब सुटला. आम्ही सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं. पांढरी कार.

सासूबाई म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात, "शेषरावभाऊ, पाक दोन्ही घरचा होय. इथचेच पंख फुटून खाली आले असतीन, नाही तं खालचे वर. लेकी कुठीबी जातेत."

काकांनी आधी कारकडे पाहिलं, जास्वंदीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे नऊ इथेच राहू द्या."

सकाळी फलकावर तोच कागद होता. रेल्वेचा माणूस, कागद फाडणार नाही. फक्त निळ्या शाईनं '१०२' च्या पुढे 'व २०२' लिहिलं होतं, 'आठ दिवसांचे आत' खोडून 'कोजागिरीनंतर सवडीने' केलं होतं आणि दोन्ही दुरुस्त्यांवर बारीक सही. कार त्या दिवसापासून गेटजवळ उभी राहते.

एकतीस ढालकिड्यांनी आमच्या जवारीवर काम काढलं. मावा संपला असं नाही, तो संपत नसतो. पण धांड्यांनी मान वर केली. पाचव्याला, त्या लाजऱ्याला, शेवटी कणीस आलंच, चमच्याएवढं.

कोजागिरीच्या संध्याकाळी मी विळा घेऊन गॅलरीत गेले तर दामिनी ड्रमापुढे हात पसरून उभी. "नाही कापायचे!"

"अगं, मखर करायचं ना?"

"ते झोपले आहेत." तिनं बोट दाखवलं. धांड्यांना, पानांच्या आडोशाला, नारिंगी मण्यांसारखे सहा कोष चिकटले होते. माझ्या चिमट्यातून निसटलेली बारकी पिल्लं. मोठी होऊन, ढाल शिवून घ्यायला गुंडाळून बसलेली. मी विळा खाली ठेवला.

सासूबाई म्हणाल्या, "मंग भुलाबाईलेच इकडे आना. तिले का पाय नाहीत?"

तर मातीची भुलाबाई आमच्या गॅलरीत आली. पाचही धांड्यांचे शेंडे माझ्या जुन्या ओढणीनं वर एकत्र बांधले, ड्रमातच तिला बसवलं. नऊ पोरी, शकुन काकू, वहिनी, आणि लवकरची गाडी धरून आलेले अमोल, सगळे त्या सहा फुटी गॅलरीत. शेषराव काका वरून कठड्यावरून वाकून पाहत होते आणि चंद्र आला की सांगायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. गाण्याच्या मधेच धांड्यांच्या शेंड्यांवरून एक थेंब भुलाबाईच्या केसांवर पडला.

"शी! आजी, पाक!"

"पडू दे," सासूबाई म्हणाल्या. "माहेरी आलेल्या लेकीच्या डोक्शावर गोड पडलं तं कोनाचं काय गेलं?"

रश्मी कुरकुरू लागली. मी ड्रमाला पाठ टेकून खालीच बसले आणि तिला पदराखाली घेतलं. दामिनी येऊन मांडीवर रेलली. सासूबाई आटवलेल्या दुधाचे पेले घेऊन आल्या. पहिला पेला देवापुढे, मग पोरींचे, अशी आमच्याकडे रीत. त्यांनी देवापुढचा ठेवला आणि दुसरा सरळ माझ्यासमोर धरला.

"आई, आधी पोरींना द्या ना."

"पोरी पेतीनच," त्या म्हणाल्या. "तू पे आधी. समदे ज्याच्यातून पेतेत, त्याले बी कोनी पानी घालावं लागते का नाही?"